पाण्यात ठेवलेला चुना

बुलढाण्याला आमच्या बांधकाम खात्याची प्रयोगशाळा होती, म्हणजे दोन खोल्या होत्या. एकीत हाताने पंप मारून चालवायचं दाबयंत्र. दुसरीत तराजू, चाळण्या, ॲसिडच्या बाटल्या आणि सिमेंटचे ठोकळे बुडवून ठेवायचं पाण्याचं टाकं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. पूल, तलाव, शाळाखोल्या, जिकडे तिकडे सिमेंट चाललं होतं, आणि त्या सिमेंटचे ठोकळे फोडून रजिस्टरमध्ये 'पास' की 'नापास' लिहिणं हे माझं काम होतं. मी नांदुऱ्याचा. रेल्वेच्या गावचा म्हणून आधीच जरा चढेल, त्यात खात्यानं मला तीन महिने पुण्याला शिकायला पाठवलं. परत आलो तो 'मले-तुले' तिकडेच टाकून 'मला-तुला' घेऊन आलो. आई हसली. म्हणाली, "अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला माहा पोरगा." तेव्हा मला तिचा राग आला होता.

बायको साखरखेर्ड्याजवळच्या एका गावची. तिचे वडील गवंडी, आणि तेही चुन्याचे. भट्टीतून कळीचा चुना आणायचा, तो खड्ड्यात पाण्याखाली वर्षभर मुरवायचा, मग घाणीच्या गोल चरात बैल फिरवून दगडी चाकाखाली रेतीबरोबर घोटायचा, हे सगळं ते स्वतः करत. चाक फिरत असताना वरून गुळाचं आणि बेलफळाचं पाणी सोडत. माझं लग्न झालं तेव्हा त्यांची घाणी बंद पडून तीन-चार वर्षं झाली होती. चुन्याचं काम कोणी सांगतच नव्हतं. कंत्राटदाराच्या हाताखाली ते सिमेंटच्या पाट्या उचलत आणि दिवाळीच्या आधी घरं पांढरी करून देत. त्यांना मी मामाजी म्हणायचो. ते मला जवाईबापू म्हणायचे आणि मी उभा असलो की स्वतः बसायचे नाहीत.

त्यांच्या गावाला दगडी वेस होती. मोठी कमान आणि वर नगारा ठेवायची खोली. एका पावसाळ्यात कमानीच्या डाव्या खांबाला वरपासून खालपर्यंत भेग गेली. गावानं अर्ज केला. वरून पत्र आलं की बांधकाम जुनं आहे, शक्यतो जुन्याच मालानं दुरुस्त करावं, पण माल आधी तपासून घ्यावा. म्हणजे आमच्याकडे दोन कामं आली. जुना चुना कशाचा आहे ते शोधणं, आणि नवा चुना टिकेल की नाही ते ठरवणं. चुना पास झाला तर काम चुन्यात, नाहीतर सिमेंटमध्ये. आणि चुन्यात झालं तर ते करणारा माणूस त्या पंचक्रोशीत एकच उरला होता.

मी साहेबांना आधीच सांगून टाकलं की चुना करणारा मिस्त्री माझा सासरा आहे. आमचे साहेब सरळ माणूस. म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलं. तपासणी तुम्हीच करा. फक्त सासऱ्याला सूट दिली असं कोणी म्हणता कामा नये." ते वाक्य मी पदरात बांधून घेतलं. सूट द्यायची नाही. एवढं एकच मला त्यातून कळलं.

वेशीतून आणलेला जुन्या चुन्याचा खडा मी कुटला, वजन केला, ॲसिडमध्ये टाकला. फसफसून चुना विरघळला, खाली रेती राहिली. ती गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा वजन केली. या सगळ्यात तीन दिवस गेले. हिशेब निघाला, एक भाग चुना, दोन भाग रेती. चौथ्या दिवशी मामाजी आले. टेबलावर उरलेला खडा होता, तो त्यांनी अंगठ्याखाली चुरला, चिमूटभर जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "दोनाले एक हाये. नदीची रेती, बारीक चाळलेली. माह्या आज्याच्या हातचा असंल हा." खोलीत शिपाई होता, कारकून होता. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. कारकून म्हणाला, "मग हे तीन दिवस आपण काय करून राह्यलो होतो बे?" सगळे हसले. मामाजी मात्र हसले नाहीत. ते घाबरून माझ्याकडे पाहत होते, की जवायाला कमीपणा आला की काय. आला होता. माझं तोंड उतरलं होतं आणि ते त्यांनी पाहिलं.

आता वाटतं, पुढचं सगळं त्या क्षणी ठरलं.

ठोकळे घालायला ते चार दिवस बुलढाण्यात राहिले. आमच्या घरी राहिले नाहीत. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत, आणि आम्हाला तोवर मूल नव्हतं. ते मारुतीच्या देवळात उतरले. भाकरी गावाहून बांधून आणलेली. संध्याकाळी आमच्या दारात येत, उंबऱ्याबाहेर उभं राहून लेकीशी दोन शब्द बोलत आणि जात. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी राही आणि तसाच परत आत नेई.

घरं पांढरी करायला मुरवून ठेवलेला चुना त्यांनी दोन डब्यांत आणला होता. लोण्यासारखा मऊ, पांढरा. रेतीबरोबर घोटून तो लोखंडी साच्यांत भरताना त्यांचे हात मी पहिल्यांदा जवळून पाहिले. बोटांची टोकं चुन्यानं खाऊन गुळगुळीत झाली होती. साचा भरून झाला की ते त्यावर थाप मारत आणि कान जवळ नेऊन ऐकत. मला ते सगळं नाटकी वाटलं. त्याच दिवशी कंत्राटदाराचा माणूस येऊन सिमेंटचे ठोकळे घालून गेला. दोन्हींना मी नंबर दिले, एकाच शाईनं, एकाच रजिस्टरमध्ये.

सिमेंटचे ठोकळे दुसऱ्या दिवशी साच्यातून काढले आणि टाक्यात सोडले. चुन्याचे चौथ्या दिवशी निघाले. ते काढताना मामाजी समोर होते. त्यांच्या काखेत दोन गोणपाटं होती, ओली करून पिळून आणलेली. ती कशाला, हे मी विचारलं नाही. एकेक ठोकळा उचलला आणि टाक्यात सोडला. पुस्तकात तसंच होतं. साच्यातून काढावे, स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावे, अठ्ठाविसाव्या दिवशी फोडावे. ते पान सिमेंटचं होतं. चुन्याचं पान आमच्या पुस्तकात नव्हतंच, आणि नाही म्हणून काही वेगळं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. दोघांना सारखाच न्याय, असं मी मनात म्हणालो. स्वतःवर खूशही होतो.

"जवाईबापू," मामाजी म्हणाले.

"काय?" मी मागे न वळता विचारलं.

त्यांनी शिपायाकडे पाहिलं, कारकुनाकडे पाहिलं. मग म्हणाले, "काही नाही. सांभाळून ठेवा." गोणपाटं काखेत तशीच धरून ते बाहेर गेले.

चारचौघांत जावयाचा शब्द खाली पाडायचा नाही. आमच्याकडे हे कोणी कोणाला शिकवत नाही, ते अंगातच असतं. सासरा जावयाला "चुकलं" म्हणत नाही, मग जावई डोळ्यांदेखत विहिरीत पाय टाकत का असेना. एकदा खड्याच्या वेळी त्यांच्या हातून ते झालं होतं, आणि माझं उतरलेलं तोंड त्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्यांदा त्यांनी होऊ दिलं नाही.

त्यांनी दुसरी वाट काढली. संध्याकाळी बसला जाण्याआधी दारात येऊन लेकीला सांगितलं. रात्री मी जेवत असताना ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बाबा म्हनत होते, चुन्याले पाण्यात नाही बुडवत. त्याले हवा लागते. वरून ओलं गोणपाट टाकलं की झालं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमाले कसं सांगतील ते?"

मी हात थांबवला. म्हणालो, "हे बघ, सरकारी पुस्तक काही तुझ्या बापानं लिहिलेलं नाही. तो सासरा आहे म्हणून मी त्याच्या ठोकळ्यांना गादीवर निजवू का? लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "मी लहानपणापासून पाह्यलं हाये, म्हनून सांगतलं." तव्यावरची भाकरी करपली होती, ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

पुढचे चोवीस दिवस ते ठोकळे माझ्या डोळ्यांसमोर पाण्यात होते. मी रोज टाक्यावरून जायचो. एकदा वाकून पाहिलं तर पाणी दुधट झालं होतं. मला शंका आली नाही असं मी म्हणणार नाही. आली. पण आता बाहेर काढले तर कारकून विचारेल काऊन काढले, आणि सांगावं लागेल की सासऱ्यानं सांगितलं म्हणून. शिपायाला म्हणालो, पाणी बदल. त्यानं बदललं.

अठ्ठाविसाव्या दिवशी साहेब आले. गावाहून सरपंच आणि मामाजी आले. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला फेटा होता. गावानं त्यांना जणू वरातीलाच पाठवलं होतं. त्या महिन्यात त्यांनी घाणीचा चर साफ करून घेतला होता आणि एक बैल बघून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

सिमेंटचे ठोकळे आधी फोडले. काटा वर चढत गेला आणि बंदुकीसारखा आवाज होऊन ते फुटले. सरपंचांनी मान डोलावली. मग मी टाक्यात हात घातला आणि चुन्याचा पहिला ठोकळा उचलला. त्याची कड माझ्या बोटांत आली. पाण्यात भिजलेल्या भाकरीसारखा तो झाला होता. यंत्रात ठेवला, वरची तबकडी टेकली मात्र, काटा हललाही नाही आणि ठोकळा बसला. दुसराही तसाच गेला. तिसरा यंत्रापर्यंत पोचलाच नाही.

साहेबांनी विचारलं, "काय हो मिस्त्री, हा तुमचा चुना?"

मामाजी ठोकळ्याच्या चिखलाकडे पाहत होते. मग त्यांनी टाक्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे. एक वाक्य पुरलं असतं. साहेब ऐकून घेणारे होते, त्यांनी पुन्हा ठोकळे घालायला लावले असते. पण ते वाक्य जावयाच्या साहेबासमोर, जावयाच्या खोलीत, जावयाच्या विरुद्ध होतं.

"बिगडला असंल साहेब," मामाजी म्हणाले. "यंदा कळीच बरी नाही भेटली."

मी रजिस्टरमध्ये 'नापास' लिहिलं. अक्षर सुंदर आलं होतं.

गावात ते बातमीसारखं पसरलं. जवायाच्याच मशिनीत सासऱ्याचा चुना फुटला. पारावर कोणीतरी म्हणे, मिस्त्रीनं सरकारलेच चुना लावाले पाह्यला. अशी थट्टा आमच्या भागात कोणाचीही होते आणि चार दिवसांत विसरतात. पण मामाजींकडे त्या नावाखेरीज दुसरं काही नव्हतं. त्या दिवाळीला घरं पांढरी करायलाही त्यांना कोणी बोलावलं नाही. वेशीची भेग सिमेंटनं भरली, खांबाच्या दगडांमधल्या फटीही सिमेंटनं बंद केल्या. काम चालू असताना ते तिकडे फिरकले नाहीत असं सासूबाई सांगत.

पुढच्या वर्षी मोठ्या प्रयोगशाळेतून एक म्हातारे अधिकारी आमची तपासणी करायला आले. रजिस्टर चाळता चाळता ते एका पानावर थांबले. "चुना. पाण्यात, अठ्ठावीस दिवस," त्यांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे कोणी केलं?"

"मी, साहेब."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "अहो, साधा चुना हवेनं घट्ट होतो. सावकाश, महिनोन्महिने. कोवळा असताना बुडवला तर तो परत चिखलच होणार. आणि जुन्या भिंतीला सिमेंटनं गच्च बंद केलं की आतलं पाणी जाणार कुठं?" मग रजिस्टर मिटून म्हणाले, "एक खुलाशाचं पत्र लिहून टाका. चूक कोणाचीही होते."

पत्र मी लिहिलं, पण टेबलाच्या खणात ठेवलं. नोकरीत कायम व्हायचं होतं, दोन महिन्यांत हुकूम येणार होता. हुकूम आला, मग पत्र पाठवलं. तोवर आमचे साहेब बदलून गेले होते. नव्यांनी वरवर वाचलं आणि 'दप्तरी दाखल' असा शेरा मारला. काम तर होऊन गेलं होतं. गावाला ते कोणी कळवलं नाही.

बायकोला मी सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं. बाबाले जाऊन सांगा."

धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना, जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायचा. मामाजींनी बोलावलं. घरात किती ओढाताण चालली होती ते भिंतींवरून दिसत होतं, तरी तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे होते. त्यांनी मला पाटावर बसवलं, परातीत माझे पाय ठेवले आणि त्या गुळगुळीत बोटांनी धुवायला लागले. मला सहन झालं नाही. मी म्हणालो, "मामाजी, चुना चांगला होता. चूक माझी होती. आज संध्याकाळी पारावर येतो आणि सगळ्यांसमोर सांगतो."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मले मालूम हाये," ते म्हणाले. "त्याच दिवशी मालूम होतं. तुमी गावासमोर मान खाली घालसान, अन् ते मी पाहू? माह्या पोरीले लोक काय म्हनतील, की इचा नवरा अडाणी? नाही बाप्पा. माहं काय आता, झालं माहं." मग पंच्यानं माझे पाय पुसून म्हणाले, "तुमाले आन हाये माही."

मी पारावर गेलो नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्यांनी शपथ घातली नसती तरी मी पारावर गेलो असतो की नाही, याची मला आजही खात्री देता येत नाही.

आणखी दोन पावसाळ्यांत वेस पोटातून फुगली. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला जागा नव्हती. दगडांवर पांढरं मीठ फुललं, एका सकाळी नगाऱ्याच्या खोलीचा कोपरा खाली आला, आणि धोक्याची म्हणून सगळी वेसच उतरवली. एस.टी. थेट गावात येऊ लागली, म्हणून पुष्कळांना बरंच वाटलं. आता तरी लोकांनी मिस्त्रीची आठवण काढावी ना? काढली. म्हणाले, चुन्यात केली असती तर पहिल्याच वर्षी पडली असती.

मामाजी त्यानंतरच्या थंडीत गेले. घाणीचं दगडी चाक अंगणात आडवं पडलं होतं, त्यावर बाया धुणं ठेवत.

तेरवीला पंगत अंगणात होती. मी जावई, म्हणून माझा पाट पहिला, सरपंचांच्या शेजारी. वाढणं चालू होतं. सरपंच मनाचे वाईट नव्हते. चांगलं बोलायचं म्हणूनच ते म्हणाले, "मिस्त्री देवमाणूस होता हो. एवढ्या त्या वेशीच्या चुन्यातच हात गेला त्याईचा. म्हातारपन, दुसरं काय."

बायको माझ्या समोर उभी होती, हातात भाताचं भगुणं. ती म्हणाली, "बाबाचा चुना चांगला होता."

पंगत थांबली.

"चांगला होता तो," ती मोठ्यानं म्हणाली. "यायनं पाण्यात बुडवला. मी सांगतलं होतं यायले. बाबानं जवायाचं नाव नाही घेतलं, सोताचं खराब करून घेतलं. इचारा यायले."

मग सरपंच हळूच म्हणाले, "बापाची माया हाये पोरीले. दुःखात मानूस काहीबी बोलते." आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काय साहेब?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. ज्यांची आन मला होती ते आता नव्हते. नोकरी पक्की होती. 'हो' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "तिला आत न्या कोणीतरी. दोन दिवस जेवली नाहीये."

दोन बाया तिला धरायला पुढे झाल्या. तिनं त्यांचे हात बाजूला केले. माझ्या ताटात भात वाढला, पंगतीतल्या पुढच्या माणसाला वाढला, असं शेवटच्या ताटापर्यंत वाढत गेली आणि मग आत गेली. सरपंचांनी चित्राहुती घातली. मी जेवलो.